उजव्या पायातला गिअर

बायकोबरोबर मी शेवटचं काम केलं ते जवळा निवडायचं.

पावसाळ्यासाठी भरून ठेवायचा सुका जवळा. ओटीवर जुनी चादर पसरली होती, एका अंगाला हिरा, एका अंगाला मी. त्यातले खडे, काड्या, शिंपल्यांचे तुकडे काढून टाकायचे, एवढंच काम. मी बोलत बोलत जवळा टाकत होतो आणि काड्या ठेवत होतो. हिरानं जरा वेळ बघितलं, मग म्हणाली, "तुमी उठा. तुमी निवडलेलं मला परत निवडायला लागतं." मी उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवून आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला हार्ट. मी म्हटलं, असेल.

ती गेल्यावर घरच्यांनी मला एक खुर्ची दिली. प्लास्टिकची, हातवाली. आमचं घर घणसोली गावात, खाली आम्ही, वर भाडेकरू. खुर्ची दारात ठेवलेली. मुलगा महेश कामाला जाताना सांगायचा, बाबा आराम करा. सून चहा देताना सांगायची, बाबा आराम करा. वरचा भाडेकरूसुद्धा जिना उतरता उतरता सांगून जायचा! मी काय आंब्याची अढी आहे, एका जागी ठेवलीत म्हणजे पिकेन? पिकायचा तेवढा पिकलोय. पुढं फक्त सडायचं राहिलंय.

माझी जुनी मोटरसायकल होती तोवर असं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी हिरा डबा भरायची, साडी सावरून मागे एका बाजूला बसायची आणि माझ्या पाठीवर थाप मारायची. थाप पडली की निघायचं. कुठं, ते मला माहीत नसायचं. ती मागून सांगायची, डावीकडे घ्या, आता उजवीकडे, आता सरळ. कधी मोरा बंदरावर होडीतून उतरणारी माणसं बघत बसायचो, कधी कुणाच्या बारशाला पोचायचो. अख्ख्या जन्मात मी गाडी चालवली, पण कुठं जायचं हे एकदाही ठरवलं नाही. ती गेली आणि पाठोपाठ गाडीनंही मान टाकली. मेकॅनिक म्हणाला, काका, हिचे पार्ट आता मिळत नाहीत. महेशनं ती भंगारात दिली.

एक दिवस जेवताना मी सांगून टाकलं की मला नवी मोटरसायकल पाहिजे. महेशचा घास हातातच राहिला. सुनेनं माझ्याकडे बघून घेतलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं, म्हणजे आता तुम्हीच सांभाळा.

"कुठं जायचंय तुम्हाला?" महेशनं विचारलं.

"कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे कुठं?"

आता हे मला माहीत असतं तर मी रिक्षानं नसतो का गेलो? तसं बोललो नाही. लायसन काढून ताटाशेजारी ठेवलं. चालू होतं, नवं करून घेतलेलं. मग बराच वेळ वाद झाला. महेशचं म्हणणं, रस्त्यावर ट्रॅफिक केवढं, तुमचं वय केवढं. माझं म्हणणं, ट्रॅफिक माझ्या वयाला विचारून थोडंच वाढलंय. शेवटी तो एका गोष्टीला कबूल झाला. शोरूममध्ये जायचं, टेस्ट राइड घ्यायची. शोरूमवाले चालेल म्हणाले तर गाडी घ्यायची. नाही म्हणाले तर गाडीचा विषय कायमचा बंद, आणि खुर्ची.

मी हो म्हटलं. हसूच आलं मला. ज्या माणसानं जन्मभर गाडी हाकली त्याची काय परीक्षा घेणार!

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही कोपरखैरण्याच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथं वैशालीबाई म्हणून होत्या, चाळिशीच्या, अंगात शोरूमचा पिवळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. बोलणं असं चटचटीत की आपण 'ग' म्हणेपर्यंत त्यांचं 'गाडी' म्हणून झालेलं असतं. त्यांनी लायसन बघितलं, समोरून उघडं हेल्मेट दिलं आणि नियम सांगितला की टेस्ट राइडला मागे शोरूमचा माणूस बसतो.

"कुठंय माणूस?" मी विचारलं.

"मीच."

मग त्या मला गाडी समजावून सांगायला लागल्या. गिअर इकडे, ब्रेक तिकडे, स्टार्टचं बटण हे. मी त्यांना हातानंच थांबवलं. म्हटलं, ताई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून चालवतोय. (हे वाक्य मी बोलायला नको होतं. पण माणूस पडायच्या आधी असलंच काहीतरी बोलतो.)

मी बसलो. मागे वैशालीबाई बसल्या. बटण दाबलं, इंजिन सुरू झालं, आवाज म्हणजे मांजर दूध पितंय असा. मी तयार होतो. आणि तसाच बसून राहिलो.

"काका, निघायचं ना?"

"हां, निघतोय."

निघालो नाही. मला कळेना मी कशाला थांबलोय. दारात महेश घड्याळ बघायला लागला. मग कळलं. पाठीवर थाप पडायची मी वाट बघत होतो.

हे काही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी क्लच सोडला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझी जुनी गाडी जुन्या पद्धतीची. तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. नव्या गाड्यांचं बरोबर उलटं असतं. वैशालीबाई तेच सांगत होत्या, तेवढ्यात मी त्यांना थांबवलं होतं. पहिला गिअर त्यांनीच टाकून ठेवला होता, म्हणून निघालो तरी. तर थोडं पुढं गेल्यावर दुसरा गिअर टाकायला मी ऐटीत उजवा पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली! मागून वैशालीबाईंचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर येऊन आदळलं. मी सॉरी म्हटलं आणि परत निघालो. परत तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी आपलं डोकं आधीच बाजूला घेऊन ठेवलं. बाई हुशार.

मग पुढं स्पीडब्रेकर आला. ब्रेक म्हणून मी डावा पाय दाबला, तर गिअर पडला आणि गाडी म्हशीसारखी हंबरत आणखी पुढं गेली. हातातला ब्रेक होता की, तुम्ही म्हणाल. होता. माझ्या जुन्या गाडीलाही होता, पण तो कधी लागलाच नाही, नुसता शोभेचा. त्यामुळे हाताला तसली सवयच नव्हती.

हे एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण गाडी आता उजवीकडे चालली होती. मी सरळ धरतोय आणि ती उजवीकडे. हिरा नेहमी डाव्या बाजूला पाय सोडून बसायची. अंगानं भरलेली बाई, वर डब्याची पिशवी. तो सगळा भार तोलायला मी जन्मभर उजवीकडे झुकून गाडी चालवली. आता मागं वैशालीबाई दोन्हीकडे पाय टाकून नीट मधोमध बसल्या होत्या आणि मी मात्र नसलेलं वजन तोलत होतो.

"काका, गाडी उजवीकडे चाललीय."

"जाऊ दे, वळून येऊ."

"काका, तिकडे मांडव आहे."

मांडव होता. कोपरखैरणे गावच्या तोंडाशी, रस्ता अडवून, हळदीचा. कमान, झालरी, पंखे, खुर्च्या आणि बाजूला बँजोवाले वाद्यं जुळवत बसलेले. मी जोरात डावा पाय दाबला. गाडी हंबरली आणि कमानीतून आत गेली.

आमच्याकडे नवरदेवाचे दोस्त, मामा, कोण कोण गाडीवरून मांडवात येतात, त्यात नवीन काही नाही. त्यामुळे कुणी घाबरलंच नाही! उलट बँजोवाल्यांना वाटलं एन्ट्री आहे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. खुर्च्या भराभर बाजूला झाल्या. मधला खांब चुकवायला मी उजवीकडे वळलो, उजवीकडे मला छानच जमत होतं, म्हणून आणखी वळलो आणि खांबाभोवती फेरी झाली. लोकांनी टाळ्या दिल्या. दुसऱ्या फेरीला पोरं नाचायला लागली. त्या दिवशी मांडवातल्या सगळ्या बायकांनी ठरवून पिवळं नेसलेलं, आणि माझ्या मागं बसलेल्या बाईचा शर्टही पिवळा. घरातलीच समजून बायकांनी गाडीबरोबर चालत चालत तिला हळद फासली, मग मला फासली. वैशालीबाई सांगत होत्या, मी स्टाफ आहे, मी स्टाफ आहे. बँजोत कोण ऐकतंय!

शेवटी वैतागून मी गिअर बदलायला उजवा पाय दाबला, आणि गाडी थांबून बंद पडली. म्हणजे अख्ख्या टेस्ट राइडमध्ये एकदाच ब्रेक बरोबर वेळेला लागला, तो चुकून.

मी हेल्मेट काढलं. समोर एक म्हातारी हळदीचं ताट घेऊन उभी होती. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"हिराचा नवरा ना तू?"

मी हो म्हटलं. मग मीही ओळखलं, जनाबाई. हिरा आणि ती लग्नाआधी एका मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायच्या. तिनं माझ्या मागं बघितलं.

"ही कोन?"

"शोरूमची."

"कसल्या शोरूमची?"

"गाडीच्या."

तिला काही ते पटलं नाही. मान वाकडी करून तिनं गाडीच्या पलीकडेही बघितलं, कुणी उतरून उभं आहे का म्हणून. "आनि हिरा? हिरा नाय आयली?"

मला वाटलं होतं हे वाक्य माझं सगळ्यांना सांगून झालंय, आता कुणाला सांगायचं राहिलं नाही. "गेली ती," मी म्हटलं. "पावसाच्या आधी."

बँजो वाजतच होता, त्यांना काय माहीत. जनाबाईनं ताट एका खुर्चीवर ठेवलं. पदरानं नाक पुसलं. वैशालीबाई मागून गुपचूप उतरल्या, मघापासून चाललेलं त्यांचं स्टाफ आहे, स्टाफ आहे बंद झालं होतं. मग जनाबाईनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "ती नाय, तर तू आयलास ना. बस. जेवल्याशिवाय कोनी जायचा नाय."

मी बसलो. बायको गेली हे ऐकूनही मला आराम करा न म्हणणारं माणूस किती दिवसांनी भेटलं होतं. मी पोटभर जेवलो. जनाबाई हिराच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती, मिठागराच्या मुकादमाची टोपी हिरानं कशी खाडीत फेकली ते. इतक्या वर्षांत हे मला हिरानं सांगितलं नव्हतं! वैशालीबाईंनीही दोन वड्या जास्त घेतल्या. फोन त्या शोरूममध्येच विसरल्या होत्या आणि माझा महेशकडे होता, त्यामुळे कुणी आम्हाला शोधतंय हे ध्यानातच नाही आलं.

येताना गाडी वैशालीबाईंनी चालवली. मला विचारलंसुद्धा नाही, किल्ली काढून घेतली. मी मागे बसलो. जन्मात पहिल्यांदा मागे. आणि बघतो तर मागून काहीच दिसत नाही. समोर नुसतं हेल्मेट. रस्ता नाही, वळण नाही, खड्डा नाही. मी सारखी मान इकडून तिकडून काढून बघितली. मग हिरा मला एवढी वर्षं डावं-उजवं सांगायची ती कशाच्या जोरावर? बाई नुसती अंदाजानं फेकत होती! आणि मी वळत होतो. मला मागच्या मागं हसू फुटलं, थांबेचना. वैशालीबाईंनी विचारलं, काका, रडताय का? मी म्हटलं, नाही, म्हणजे थोडं.

शोरूमच्या दारात महेश उभा होता, सोबत मॅनेजर, वॉचमन आणि गिऱ्हाइकं. अर्ध्या तासासाठी बाप गाडी बघायला गेला होता. तो अंधार पडता पडता आला, गाडीच्या मागच्या सीटवर बसून, तोंडाला हळद, आणि पुढं गाडी चालवणाऱ्या बाईच्या तोंडालाही हळद. महेशनं एकदा मला बघितलं, एकदा तिला बघितलं.

"बाबा," तो हळू म्हणाला, "तुम्ही टेस्ट राइडलाच गेला होता ना?"

वैशालीबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. खांब सांगितला, फेऱ्या सांगितल्या. ऐकता ऐकता महेशचा चेहरा असा झाला की मला खुर्ची दिसायला लागली. मग त्यानं विचारलं, तुमचं काय म्हणणं, चालेल का यांना गाडी?

"आज नाही चालणार," बाई म्हणाल्या. मी मान खाली घातली. "काकांचा तोल पक्का आहे. एवढ्या गर्दीत कुणाला धक्का लागला नाही. पाय तेवढे उलटे आहेत. पाय शिकवता येतात. शिकून येऊ देत, गाडी मी स्वतः देते."

 खिशातून रुमाल काढून महेशनं माझ्या गालाची हळद पुसायला घेतली, ती जास्तच पसरली. मग म्हणाला, "आईच्या ओळखीचं कोण भेटलं म्हणाल्या या, तिथं?" रस्ताभर मी त्याला मुकादमाच्या टोपीची गोष्ट सांगितली. घर आलं तरी तो गेटात उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, कानामागची हळद काही निघाली नाही, तसाच वैशालीबाईंनी सांगितलेल्या मैदानावर गेलो. तिथं एक मास्तरीणबाई दुचाकी शिकवतात. बघतो तर सगळा बायकांचा वर्ग. एकीनं विचारलं, सुनेला सोडायला आलात का? म्हटलं, नाही, मीच. मास्तरीणबाईंनी गिअरची गाडी स्टँडवर लावली आणि मला वर बसवून सांगितलं, डावा पाय खाली, डावा पाय वर. माझा उजवा पाय हलला. परत सांगितलं. परत उजवा हलला. तेवढ्यात कालपर्यंत सायकललाही हात न लावलेली एक बाई स्कूटरवरून मैदानाला चक्कर मारून आली आणि मी अजून स्टँडवरच.

मास्तरीणबाईंना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका काका. नव्या माणसाला जरा जड जातं."

मी छाती काढून म्हटलं, "नवा? बाई, मिसरूड फुटल्यापासून गाडी चालवतोय मी."

त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "मग वेळ लागेल."