पाण्यानं धुवायचं घर

आमच्या गावाला पाणी टँकरचं. साताऱ्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, माणदेशातलं गाव. दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन वाटेला लागायचे आणि आई हंडे घेऊन रांगेत. घर मातीचं, जमीन शेणानं सारवलेली. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा शेरडांपुढं जायचं. घट बसायच्या आधी दसरा काढायचा, म्हणजे घरातलं अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी सगळं धुऊन काढायचं, ही आमच्याकडची रीत. त्यासाठी आई वाकळा डोक्यावर घेऊन लांबच्या तळ्यावर जायची. तळं आटलेलं असलं की वाकळा नुसत्या उन्हात टाकून काठीनं झोडायची आणि म्हणायची, "झाला आमचा दसरा."

पुढं पोटासाठी आम्ही तासगावकडं आलो. आई बेदाण्याच्या शेडवर कामाला लागली. दसऱ्याला शेडमालकाच्या घरची फरशी धुवायला तिला बोलवायचे. येताना लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब आणि चेहरा असा, की जणू लग्नाला जाऊन आलीय. "काय सांगू बाय, बादलीवर बादली वतली! पाणी उंबऱ्यावरनं धबाधबा भायेर. आपलं फरशीचं घर हुंदे, मी असंच धुणार." तिनं आयुष्यात मागितलं ते एवढंच.

मी शिकले. साताऱ्याला वसतिगृहात राहून पदवी घेतली. आमच्या भावकीत तोवर पदवी कुणाकडंच नव्हती, बायकांत नाही, बापयांतही नाही. पहिली मीच. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. नोकरी लागली. नवरा फौजेत, त्यामुळं सांगलीत घर बांधायचं माझ्यावरच आलं. वडील तोवर गेले होते. आई कायमची माझ्याकडं राहायला येणार होती.

विजेच्या कामात मी काटकसर केली नाही. वायर चांगल्यातली घेतली. अर्थिंगचा खड्डा समोर उभं राहून मीठ-कोळसा घालून भरून घेतला. कुठं जरा करंट गळाला की सगळं बंद पाडणारा स्विचही बसवला. पण मोबाईलवर घरांचे फोटो बघून एक डोक्यात बसलं होतं : भिंती कोऱ्या दिसल्या पाहिजेत. लोंबणाऱ्या वायरी लहानपणी पुष्कळ बघितल्या होत्या. म्हणून प्लगचे सगळे बोर्ड खाली घेतले, फरशीपासून जेमतेम वीतभर वर.

वास्तुशांतीला आईनं वाकून बघितलं. "एवढ्या खाली? उंदरांनी मोबाईल चार्जिंगला लावायचा व्हय गं?" सगळे हसले. मीही हसले.

पहिला दसरा आला. मी कामावरून आले तर आईनं पदर खोचलेला, बोअर चालू, बादली भरलेली. "आलीस? बाजूला हो," म्हणाली आणि भिंतीच्या कडेला पाण्याचा असा सपकारा मारला, की टीव्हीखालच्या बोर्डात पाणी गेलं. स्विच पडला. पंखा बंद, मोटर बंद. मी ओरडले, "आये, बादली ठेव! मरायचंय का तुला?"

तिला काही झालं नाही. मी बोलले तेही चुकीचं नव्हतं. मेन बंद करून धुवावं, तर बोर्डात शिरलेलं पाणी सुकलं की नाही हे कोण बघणार? मी तिला दोरीसारखा पिळलेला पोछा दिला. तिनं तो हातात धरून बघितला आणि म्हणाली, "बरं."

ते "बरं" माझ्या कानातून अजून जात नाही.

त्यानंतर दर दसऱ्याला ती पोर्च धुवायची, कारण तिथं बोर्ड नव्हते. पोर्च आणि पायऱ्या, पुन्हा पोर्च. शेजारीण गमतीनं म्हणायची, "आवं मावशी, पायऱ्या झिजतील." आई म्हणायची, "झिजू द्या, लेकीच्या हायत." घरात मात्र पाव्हण्यासारखी वागायची. बोर्ड वर घ्यायचे माझ्या मनात यायचं, मग त्या गुळगुळीत भिंती फोडायच्या म्हटलं की पुढच्या वर्षावर जायचं.

मग आईला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला.

त्या पावसाळ्यात मी वायरमनला बोलावलं. भिंती फोडल्या, बोर्ड कमरेच्या वर घेतले, खालची भोकं बुजवली. तोच रंग आणून लावला तरी ठिगळं दिसतातच. आई खुर्चीत बसून धूळ खात बघत होती. "चांगल्या भिंती इद्रूप केल्यास गं," म्हणाली, पण उठून आत जाईना.

दसऱ्याला तिची खुर्ची उंबऱ्यापाशी ठेवली. मी पदर खोचला आणि बादली उचलली.

"आगं, तुळशीला घालतीस व्हय? जोरात वत!"

मी जोरात ओतलं. पाणी भिंतीवर आपटून आलं आणि तिच्या पायांवरून बाहेर गेलं. तिनं डावा हात बादलीकडं केला. मी तांब्या भरून दिला. तो त्या बिनसवयीच्या हातात ठरला नाही, पाणी मांडीवरच सांडलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू वत. मी बघते."

हे घर तिच्या हातानं एकदाही पुरतं धुतलं गेलं नाही. ते आता होणारही नाही. पण बोर्ड वर आहेत, फरशी उताराची आहे, बोअरला पाणी आहे. माझ्या आईचं घर आता बादलीनं धुता येतं.