रोहिदासच्या चित्रांबद्दल मी जे बोललो

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एकाला सांगितलं, अगदी अलीकडे, पण ज्याला सांगितलं त्याचंच त्यात वाटोळं झालं होतं. त्याला हिशेबात धरायचं का? बाकी आईला नाही, बायकोला नाही. मी तसा बडबड्या माणूस. खर्डी स्टेशनबाहेर रिक्षा भरायची वाट बघताना शेजारच्या अनोळखी माणसाला माझ्या दाढदुखीची सगळी कथा ऐकवेन. पण ही गोष्ट ओठावर आली की मी विषय बदलायचो.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. रोहिदास आणि मी शहापूरला कॉलेजात एका बाकावर. तो मुरबाडकडचा, वैशाखऱ्याचा. मला प्रोग्रॅमिंगचा नाद, त्याला चित्रांचा. कॉलेज सुटल्यावर दोघांनी मिळून कम्प्युटरवर खेळायचा एक गेम केला. नाव ठेवलं ‘आवणी’. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. गेममध्ये एक छोटं गाव — आज याच्या शेतात सगळ्यांनी उतरायचं, उद्या त्याच्या. एकट्यानं आपलं शेत उरकून कुणी जिंकत नाही. गावातल्या सगळ्यांची आवणी झाली तरच गेम पुरा होतो. कल्पना रोहिदासची, चित्रंही रोहिदासची. आणि चित्रं — काय सांगू तुम्हाला! पावसाचं इरलं पाठीवर घेऊन वाकलेली बाई अशी काढायचा, की तिची कंबर किती दुखतेय ते बघणाऱ्याला कळावं.

असे गेम हल्ली डब्यात मिळत नाहीत. नेटवर त्यांची दुकानं असतात. त्यातलं एक दुकान सगळ्यात मोठं, गेम खेळणाऱ्या प्रत्येकाच्या कम्प्युटरवर ते असतंच. नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. तिथं आम्ही ‘लवकरच येत आहे’ म्हणून पान केलं आणि गेमचा थोडा भाग फुकट खेळायला ठेवला. कुठकुठची माणसं आली हो! खेळली, इथं अडकतंय, तिथं बिघडतंय म्हणून चुका काढून दिल्या, चांगलं-वाईट लिहिलं. गेम निघाला की आम्हाला कळवा, म्हणून नाव नोंदवून गेली. रोहिदासनं त्यांना शब्द दिला — पहिल्या दिवशी गेम इथंच, तुमच्याकडे येणार. तो मराठीत सांगायचा, मी इंग्रजीत लिहायचो. इंग्रजीचं सगळं खातं माझ्याकडे. त्याचं इंग्रजी बेताचं, आणि माझ्यावर त्याचा विश्वास भरपूर.

मग दुसरं एक दुकान आलं. नवं होतं, मोठ्या दुकानाची गिऱ्हाइकं ओढायला निघालेलं. त्यांचं म्हणणं सरळ — तुमचा गेम वर्षभर फक्त आमच्याकडे ठेवा, दुसरीकडे कुठंही नाही. बदल्यात आम्ही आधीच ठरावीक रक्कम देतो, गेम चालो न चालो. मला तर आभाळ ठेंगणं झालं. घरी रोज धोशा लागलेला — नोकरी कधी बघणार, हे खेळ कधी संपणार. आता त्यांच्या तोंडावर फेकायला माझ्याकडे काहीतरी होतं.

रोहिदास नाही म्हणाला. “ती माणसं आपल्या आवणीला आली रे,” म्हणाला. “आता त्यांच्या बांधावर आपण नाय जायचं?”

मी भडकलो. नाकावर राग असतोच माझ्या. म्हटलं, अरे कुठली आवणी, कुठला बांध, ती माणसं साता समुद्रापलीकडची, त्यांना तुझं तोंडसुद्धा माहीत नाही! पण आमच्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. कुणी तुमच्या शेतात येऊन दिवसभर वाकला, की त्याच्या शेतात तुम्ही जायचंच. आजारी असाल तर घरातलं दुसरं कुणीतरी पाठवायचं. न जाणाऱ्याकडे पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. रोहिदासनं हीच पद्धत त्या न बघितलेल्या माणसांना लावली होती. त्याला समजावून, ओरडून, अबोला धरून मी थकलो.

आणि नेमकं त्याच सुमारास मोठ्या दुकानाची शेवटची तपासणी झाली. गेम विकायला ठेवण्याआधी ते एकदा तपासून बघतात — चालतो की नाही, लिहिलंय तसा आहे की नाही. आमचा गेम पास झाला. एका झटक्यात. हे फक्त मला माहीत होतं.

पुढं लिहू? लिहितो.

मी गाडी काढून वैशाखऱ्याला गेलो. चांगलं ऊन होतं. रोहिदास घरामागच्या कुडाला माती लिंपत होता, कोपरापर्यंत हात भरलेले. वाटेत मी एवढंच ठरवलं होतं — मोठ्या दुकानानं गेम घेतला नाही, असं सांगायचं. त्यांनीच नाकारलं म्हटल्यावर त्याचा शब्द आपोआप मोडतो, त्याच्यावर काही येत नाही, असं मी मनाला समजावलेलं. म्हटलं, “रोह्या, त्यांनी नाय घेतला.” त्यानं हात थांबवला. “का? काय बोलले?”

याचं उत्तर मी ठरवलंच नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. प्रोग्रॅममध्ये चूक निघाली म्हणालो असतो तर? माझं काम कच्चं, म्हणालो असतो तर? तो ‘मग दुरुस्त कर’ म्हणाला असता, तेवढंच. मी म्हणालो — “चित्रं. चित्रं कच्ची वाटली त्यांना. आमच्या दुकानाच्या लायकीची नाहीत म्हणाले.”

बोललो एकदाचं. म्हणजे लिहिलं.

कुठलंही दुकान असं लिहीत नाही. या धंद्यातलं थोडंफार कळणारा माणूस हे ऐकून हसेल. रोहिदास हसला नाही. त्यानं “बरं” म्हटलं आणि परत माती लिंपायला घेतली. बराच वेळ एकाच जागी लिंपत राहिला. मग म्हणाला, “मग त्या दुसऱ्यांना दे. ते घेतायत तर.”

चित्रंच का निघाली माझ्या तोंडातून? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत होतो की गडबडीत निघालं. खोटं आहे ते. जो जो तो फुकटचा भाग खेळला, त्यानं चित्रांचं कौतुक केलं. एकानंही — एकानंही हो! — माझ्या प्रोग्रॅमिंगबद्दल चांगला शब्द लिहिला नव्हता. ते सगळं कौतुक मराठी करून त्याला वाचून दाखवायचं काम माझं. मी थोडं वाचायचो, थोडं गाळायचो. जळत होतो मी त्याच्यावर. एवढंच आहे ते.

पुढचं पटापट सांगतो. मोठ्या दुकानातलं पान मी काढून टाकलं. गेम नव्या दुकानात आला. वाट बघणारी माणसं खवळली, शब्द फिरवला म्हणून नको नको ते लिहिलं त्यांनी, आणि बरोबरच लिहिलं. रोहिदासनं त्यातलं काही वाचलं नाही. पैसे मी अगदी निम्मे-निम्मे वाटले. तेवढ्या एका गोष्टीवरून मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो, विचार करा! रोहिदास पडघ्याकडे एका गोडाऊनमध्ये माल चढवायच्या कामाला लागला. चित्रं बंद. मी विचारलं की म्हणायचा, “टाइम नाय रे.” मला खरं कारण माहीत होतं. तरी मी दर वेळी मान डोलवायचो.

वर्षाचा करार संपल्यावर मी गेम मोठ्या दुकानात ठेवला. तो कसा काय, म्हणून रोहिदासनं फोनवर विचारलं. म्हटलं, आता नाव झालंय म्हणून घेतला. तो खूश झाला. माझ्यासाठी खूश झाला. मग म्हणाला, “चित्रं बदललीस काय?”

मी म्हणालो, “थोडी.”

एक रेघ बदलली नव्हती. त्यानं गेम उघडून बघितला असता तर पकडला गेलो असतो. त्यानं उघडलाच नाही. आपली चित्रं दुसऱ्यानं सुधारलेली कुणाला बघवतील? पहिल्या खोट्याला निदान माझ्या डोक्यात काही कारण होतं. या दुसऱ्याला काय होतं? काही नाही. फुकटचं बोललो.

अशीच वर्षं गेली. मी ठाण्याला एका कंपनीत लागलो. रोहिदासचं लग्न झालं. त्याची बायको मनीषा, शिकलेली नाही फार, पण बोलायला खमकी. या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटाला तिचा फोन आला. “भाऊजी, यांनी गेम केलाय. एकट्यानं. तुमी या. माझा काय ऐकत नायत, तुमचा तरी ऐकतील.”

एकट्यानं? मी चाटच पडलो. सुट्टीच्या दिवशी सकाळीच वैशाखऱ्याला पोचलो. ओटीवर लॅपटॉप उघडा. प्रोग्रॅमिंग त्यानं फोनवर व्हिडिओ बघून बघून शिकलेलं, आणि आधी चित्रांना हात लावायचाच नाही असं ठरवलेलं. मग मनीषानं टुमणं लावलं म्हणून लावला. गेममध्ये एक म्हातारी रानभाज्या काढायला डोंगरात जाते. पानं ओळखून भाजी खुडायची. शेवळं घेतलीत आणि त्यांची खाज मारणारी आंबट काकडं घ्यायला विसरलात, तर रात्री जेवताना गेममधल्या घरातल्या सगळ्यांचा घसा खाजतो! मी हसलो आणि पुढच्या क्षणी स्क्रीनवर वाकलो. कारण ती पानं, त्यांच्या शिरा, म्हातारीचे तळवे — मला माहीत असलेल्या रोहिदासपेक्षाही हा रोहिदास पुढं गेला होता.

मग मनीषानं मला कशाला बोलावून घेतलं ते कळलं. कुठल्याशा एका लहान दुकानानं रोहिदासला गाठलं होतं. गेम फक्त त्यांच्याकडे — आणि वर्षभर नाही, कायमचा. कायमचा! त्यांचा करार इंग्रजीत, रोहिदासचं म्हणणं, तो मी वाचून सांगायचा, म्हणजे त्याला सही करायला बरं. मी विचारलं, मोठ्या दुकानात का नाही पाठवत? अगदी सहज म्हणाला — त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता — “तिथं आपली चित्रं चालत नाय रे. माहीतय ना तुला.”

मनीषा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आता भाऊजी याला चार शब्द सुनावतील.

मी गप्प बसू शकलो असतो. ‘करार वाईट आहे, सही करू नको’ एवढं सांगून उठू शकलो असतो. रोहिदासनं ऐकलंही असतं. पण मग तो त्या मोठ्या दुकानाच्या दारात कधीच गेला नसता. जन्मभर कोपऱ्यातल्या दुकानांत हात जोडून उभा राहिला असता. माझ्या एका शब्दानं. मी सांगितलं. सगळं. पास झाला होता, पहिल्या झटक्यात झाला होता. तू सोडून सगळ्या जगाला तुझी चित्रं आवडली होती. कौतुकसुद्धा मी गाळून वाचायचो. सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही, लॅपटॉपवरच्या म्हातारीकडे बघत राहिलो.

त्यानं एवढंच विचारलं, “बदलली नव्हतीस काय एकपण?”

“नाय.”

मनीषानं कपाळावर हात मारून घेतला. काय बोलली ते लिहीत नाही, त्यातला शब्दन् शब्द मला लागू होता. रोहिदास नुसता म्हणाला, “जा तू.” मी गेलो. चहा चुलीवर तसाच राहिला.

त्यानं तो करार केला नाही. हे मला मनीषाकडून कळलं — शिव्यांसकट. आणि मोठ्या दुकानात पाठवतायत, हेही कळलं. फोनवर भाषांतर करून, एकेक रकाना दोघांनी बसून भरला. मध्ये कुणी वाचून दाखवणारा नाही, गाळणारा नाही. मदत हवी का असं विचारायला मी फोन उचलला आणि खाली ठेवला. कुठल्या तोंडानं विचारणार?

काल दुपारी जेवायला बसलो होतो, तर रोहिदासकडून फोनवर एक लिंक आली. त्या दिवसानंतर त्याचं पहिलंच काही. बाकी एक अक्षर नाही. उघडली — मोठ्या दुकानातलं पान. गेम पास झालाय, पुढच्या महिन्यात निघतोय, आणि दुसऱ्या दोन दुकानांतही त्याच दिवशी. खाली एकच नाव, रोहिदासचं. त्याखाली कुठकुठच्या माणसांनी लिहायला सुरुवातही केलीय, नाना भाषांत, आणि तो आता ते स्वतः वाचतोय.

त्यानं ती लिंक मला का पाठवली, मला माहीत नाही. डबा तसाच ठेवून चित्रं बघत बसलो, एकेक मोठं करून. चांगली आहेत. फार चांगली आहेत हो रोहिदासची चित्रं. तेव्हाही होती.