मावशींनी भुऱ्याला चालायला शिकवलं

आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणत असे. तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घातल्या. निवृत्त झाल्या तेव्हा हातांची बोटं आखडलेली होती आणि गुडघे कामातून गेले होते. नवरा कधीच वारलेला. एकुलता एक मुलगा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि जाताना आपला कुत्रा आईकडे ठेवून गेला. "आठ दिवस सांभाळ" म्हणाला होता. त्याला आठ महिने झाले.

भुऱ्या अंगाने वासराएवढा. पट्टा हातात घेतला की तो दिसेल तिकडे सुटायचा आणि मावशी मागून फरफटत जायच्या. मुलाने त्याच्या गळ्यात आत वळलेल्या टोकांची साखळी घातली होती. मानेवरचे केस जाऊन कातडं लाल झालं होतं, तरी तो ओढायचाच. एकदा न्हाव्याच्या दुकानापुढे त्याने मावशींना तोंडावर पाडलं. पुढचा दात तुटला. न्हावी वस्तरा खाली न ठेवता म्हणाला, "मावशी, कोण कोणाला फिरवतंय ते एकदा ठरवा." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, अर्ध्या गालावर साबण घेऊन.

मावशींना कमी ऐकू यायचं म्हणून त्यांचा फोन मोठ्या आवाजात असायचा. मधली भिंत पातळ. त्या संध्याकाळी मुलाचं सगळं बोलणं आमच्या घरात ऐकू आलं.

"असा कुत्रा इथे आणला तर इमारतीतले लोक मलाच बाहेर काढतील, आई. तू त्याला नीट चालायला शिकव. मग तुम्हा दोघांनाही घेऊन जातो. तुझ्यासाठी खोली काढून ठेवलीय."

"खरंच?"

"मग काय, थट्टा करतोय?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी साखळी काढून टाकली आणि जुन्या चादरीची रुंद पट्टी शिवून त्याच्या गळ्यात बांधली. मला म्हणाल्या, "चादरीची घडी घालताना समोरचीने हिसका दिला, तर आपण उलट हिसका द्यायचा नाही. नखं उलटतात. नुसतं उभं राहायचं. तिचा हात आपोआप सैल पडतो."

तसंच त्यांनी सुरू केलं. भुऱ्याने ओढलं की मावशी जागच्या जागी उभ्या. रागावणं नाही, मारणं नाही. पट्टा सैल पडला की एक पाऊल पुढे आणि कमरेच्या पिशवीतून पावाचा एक तुकडा. पहिल्या दिवशी दारापासून विजेच्या खांबापर्यंत जायला तास लागला. गल्लीला फुकटची करमणूक झाली. दूधवाला विचारायचा, "हार कधी घालायचा या पुतळ्याला?" स्कूटरवाले मुद्दाम जवळ येऊन हॉर्न वाजवायचे. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "शिकेल हो कुत्रा, पण तोवर तुम्ही राहाल का?"

"नाही राहिले तर तुमच्याच दारात बांधून जाते," मावशी म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

साडेतीन महिने लागले. मग भुऱ्या खाटकाच्या दुकानावरूनसुद्धा मान खाली घालून जाऊ लागला. मावशींनी पट्टा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तुम्ही चालवून बघा. सूनबाईच्या हातीही चालायला हवा ना." तो माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेला आणि एकदाही मागे वळला नाही. मावशींना फार आनंद झाला. दोन दिवसांत त्यांनी सामान वाटून टाकलं. लोखंडी कपाट मला दिलं.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. त्याने स्वतः भुऱ्याला एक फेरी मारून आणली. "वा, माणसात आला की हा," म्हणाला आणि गाडीचं मागचं दार उघडलं. भुऱ्या उडी मारून आत बसला. मावशींनी बोचकं उचललं.

"अगं, तू कुठे निघालीस? खोलीला रंग लावतायत. त्या वासाने तुझा खोकला वाढेल. आधी ह्याला नेतो."

"मग मी कधी येऊ?"

"आठ दिवसांत."

आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे होतो. गाडी वळल्यावर एकेक करून आत गेलो. कपाटही मी परत दिलं नाही. त्यांनी मागितलं नाही, एवढंच माझ्याकडे कारण आहे.

तीन आठवड्यांनी फोन आला, तो सुनेचा.

"आई, हा चालतच नाही हो. जरा पट्टा ओढला की रस्त्याच्या मधोमध बसतो. काल ह्यांनी पुन्हा साखळी आणली. रक्त आलं, पण उठला नाही."

भिंतीच्या अलीकडे मी हातातला पेला खाली ठेवला. आता त्यांना मावशींची गरज होती.

"मी येते ना," मावशी म्हणाल्या. "चार दिवसांत त्याला लावते वळणावर. तुलाही दाखवते."

"तुम्ही कशाला दगदग करता? फोनवरच सांगा. मी लिहून घेते."

सांगू नका, म्हणून भिंतीवर ठोकायला मी हात उचलला होता. ठोकलं मात्र नाही. मावशी सांगू लागल्या. कुठल्या बाजूला ठेवायचा, कधी थांबायचं, तुकडा कुठल्या क्षणाला द्यायचा, ट्रक आला की तो घाबरतो तेव्हा खांद्यावर हात ठेवायचा. काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही.

"एवढंच?" सून म्हणाली.

"एवढंच. साखळी काढा तेवढी."

मी नंतर त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "थोडं राखून सांगायचं होतं, मावशी. नाक मुठीत धरून न्यायला आले असते."

"आणि तोवर त्याच्या मानेचं काय झालं असतं?"

त्यानंतर सुनेचा फोन आला नाही. मुलाचाही नाही. कुत्रा चांगला चालत असणार.