तिसऱ्या ओळीपाशी

शिकवणीची मुलं तिला गणितबाई म्हणत. चाळिशी दाराशी येऊन ठेपली तरी गणितात पीएचडी करायचं खूळ काही तिच्या डोक्यातून जाईना. "आता कुणाला शिकून दाखवायचंय?" असं मामा दर भेटीत विचारायचे. मामांना नव्हतं दाखवायचं, एवढं नक्की.

खरं तर ते खूळ दोघींचं. ती आणि तिची ताई लहानपणापासून एकाच फळ्यावर गणितं सोडवायच्या. ही पाठीमागे कुणी लागल्यासारखी भराभर लिहायची आणि ताई फळ्याशेजारच्या खाटेवर बसून बघायची. पायरी चुकली की ताई नुसती मान हलवायची. काय चुकलं ते सांगेल तर शपथ. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली. त्यानंतर हिनं जिथे जिथे अर्ज केला, तिथून नकारच आला. मान हलवणारं कुणी उरलं नव्हतं आणि हिची घाई मात्र तेवढीच होती.

आता एकच विद्यापीठ राहिलं होतं, आणि पुढच्या वर्षी ती तिथल्या वयाच्या अटीत बसणार नव्हती. मुलाखत लॅपटॉपवर होती, भर दुपारी. खोलीत दुसरं कुणी चालणार नाही, असा नियम. तिनं लॅपटॉप फिरवून कपाट, खाट, कडी लावलेलं दार सगळं दाखवलं. पडद्यावर एक वयस्कर सर होते आणि एक मॅडम. मॅडमनी एक सिद्धता मांडायला सांगितली. तिनं खडू उचलला आणि सुटलीच.

"त्या बाईंना बाहेर जायला सांगता का?" मॅडम मध्येच म्हणाल्या.

"इथे कुणी नाही."

"आहेत की. खाटेवर बसल्यात. मघापासून मान हलवताहेत."

तिनं पाहिलं. खाट रिकामी होती, चादरीला साधी सुरकुती नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात तिला स्वतःचं चित्र दिसत होतं, त्यातही ती एकटीच. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसरं कुणी असतं तर कडी काढून पळत सुटलं असतं.

"कुठल्या ओळीपासून?" गणितबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या," सर दबक्या आवाजात म्हणाले.

तिसऱ्या ओळीत तिनं दोन संख्यांच्या वजाबाकीनं भागलं होतं. दोन्ही सारख्या निघाल्या तर ती वजाबाकी शून्य. शून्यानं भागायचं नसतं, हे ती शिकवणीतल्या पोरांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची.

कपाटाची सावली पडली असेल, एवढं म्हणाली असती तरी कदाचित निभावलं असतं. पण ताईला सावली म्हणायला तिची जीभ रेटेना. तिनं ओळ पुसली, शून्याची शक्यता वेगळी काढली आणि सिद्धता शेवटपर्यंत नेली.

"ती माझी ताई आहे," ती म्हणाली. "आता काय करतेय?"

"कुणाची मदत घेतली तर अर्ज बाद होतो," मॅडम म्हणाल्या. "माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. काय करतेय ती?"

सर पडद्याजवळ सरकले.

"उठल्या," सर म्हणाले. "तुमच्या मागे येऊन उभ्या राहिल्यात."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. मागे काहीच दिसणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"अर्ज करा बाद," ती म्हणाली. "पण एवढ्यात बंद नका करू."