वायरिंगवाले चाचा

वायरिंगवाले चाचा गाडीला हात लावण्याआधी नाक लावत. डॅशबोर्डखाली डोकं घालून दोनदा श्वास घ्यायचे आणि जळकी वायर कोणत्या बाजूला आहे ते सांगायचे. पिंपळगाव राजाच्या स्टँडमागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. इतर मिस्त्र्यांनी सोडून दिलेल्या जुन्या जीपा तिथे उभ्या असत.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आधी सांगा, गाडीले शेवटचा हात कोनाचा लागला?" कोणी आढेवेढे घेतले की म्हणायचे, "लपवलं त मले दिवसभर शोधा लागते, भाऊ."

बाबा आमच्या जीपमध्ये सवारी भरून खामगावला जायचे. तिचा हॉर्नचा फ्यूज सारखा उडायचा. चाचांनी टेस्ट लॅम्प लावून अर्धा दिवस शोधलं. वायर कुठेतरी पत्र्याला घासत होती, पण जागा सापडेना. "दोन दिवस गाडी इथंच राहू द्या," ते म्हणाले. पण बाबांनी दुसऱ्या दिवशीची लग्नाची सवारी घेतलेली. शेवटी चाचांनी नवा फ्यूज बसवला आणि बजावलं, "पुन्हा उडाला त जीप तिथंच उभी करा. फ्यूज उडते म्हून गाडी वाचते."

सकाळी निघतानाच तो उडाला. मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. बाबांची घाई पाहून मी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार अडकवली. हॉर्न वाजला. मी नवा फ्यूज टाकला असं समजून बाबा निघाले.

रोहिणखेडच्या रस्त्यावर डॅशबोर्डनं पेट घेतला. वऱ्हाडी उड्या टाकून वाचले. बाबांनी जळत्या वायरी हातांनी उपटल्या. बोटं आखडली ती कायमची. पुन्हा स्टिअरिंग धरता आलं नाही.

जळकी जीप ओढून आमच्या अंगणात आणली, तेव्हा चाचा पाहायला आले. फ्यूजच्या डबीतून त्यांनी वितळलेली तार काढली आणि माझ्याकडे पाहिलं. तो ठरलेला प्रश्न आता येणार म्हणून मी उभाच होतो. तो आला नाही.

ओसरीवरून बाबा ओरडले, "चाचा, तुमीच हात लावला होता ना हिले? पाहा माह्ये हात!"

"हाव, मीच लावला होता," चाचा म्हणाले. तार त्यांनी खिशात टाकली.

त्यानंतर त्यांच्याकडे गाड्या येईनात. दुकान बंद झालं. ते बायकोच्या माहेरी, सुलतानपूरला गेले, दुसऱ्याच्या भाजीपाल्याला पाणी देतात, असं कानावर यायचं. बाबा त्यांना शिव्या देत राहिले. मी ऐकत राहिलो.

यंदा बाबांचं तेरावं झालं आणि मी सुलतानपूर गाठलं. चाचा पावसाळ्यातच गेले, असं चाचींनी दारात सांगितलं. बसवून चहा दिला. मी कोणाचा मुलगा ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"तुमच्या बाबाचे हात बरे झाले का? पिंपळगावचं कोनी भेटलं की आमचे हे येवढंच इचारत."

"झाले," मी म्हणालो. कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.