शेवटच्या गाण्यापर्यंत बसलेल्या मावशी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार समुद्रकाठच्या वरोर गावच्या एका मावशींचे आहेत, आणि मला त्यांचं नावही ठाऊक नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो; तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकून त्या आमच्या वसतिगृहाच्या पटांगणात नाताळचा चित्रपट बघायला आल्या होत्या. पडद्यावर गाण्यांनी भरलेला जुना इंग्रजी चित्रपट चालू होता. काही कळेना म्हणून मुलं उठून गेली. मीही उठलो. कॉलेजातलं इंग्रजीही असंच डोक्यावरून जात होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून घरी जायचं मी ठरवलंच होतं.

मावशी मात्र मासळीच्या रिकाम्या पाटीवर ताल धरून बसल्या होत्या.

“मावशी, तुम्हाला कळतंय?”

“काय बी नाय! पण होडी दिसत नाय म्हणून आम्ही किनारा सोडून घरी जातो काय? बस गुपचूप.”

मी शेवटच्या गाण्यापर्यंत बसलो, आणि पुढे बी.ए. होईपर्यंत वर्गातही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

गेल्या आठवड्यात बाजारात वरोरच्या बायकांना खूण सांगून त्या मावशींसाठी पत्र दिलं:

“मावशी, चित्रपटाच्या वेळी तुम्ही ‘बस गुपचूप’ म्हणालात तो मुलगा मी. बी.ए. झालो. उधव्याला मुलांची इंग्रजीची शिकवणी घेतो. कळलं नाही की तीही उठू लागतात. यंदा नाताळात त्यांना तोच चित्रपट दाखवणार आहे. तुम्ही या आणि त्यांच्यात बसा. माझं ती ऐकत नाहीत.”