चौदा पडले, एक दरीत

आमच्या रोलिंग मिलमध्ये एका मंगळवारी एकाच पाळीत चौदा माणसं पडली, त्यातलं एक दरीत. भिलाईत दरी नाही. ही गोष्ट सगळ्यांत आधी माझ्या लक्षात यायला हवी होती, कारण पाळीच्या नोंदी लिहिण्याचं काम माझंच. ती सगळ्यांत शेवटी लक्षात आली.

सुरुवात माझ्या मुलीने केली. पूर्वा अकरावीत आहे. तिने मोबाइल टीव्हीला जोडला आणि हायस्कूलच्या पोरांच्या सायकल शर्यतींची एक जपानी मालिका लावली.

"हे कार्टून कावून पाहून राहिली तू? परीक्षा आहे ना?" मी विचारलं.

"कार्टून नाही बाबा, अ‍ॅनिमे! पाँच मिनट बैठो ना, फिर बोलना."

मी पाच मिनिटं बसलो. उठलो तेव्हा चार भाग संपले होते आणि माझ्या बायकोने, मंदाने, वरण दोनदा गरम केलं होतं. तिसऱ्यांदा केलं नाही, कारण तोवर तीही येऊन बसली होती!

मालिका मला फार आवडली. समजली मात्र नाही. नावं लक्षात राहीनात, म्हणून मी पोरांना पाठीवरच्या नंबरांनी ओळखू लागलो. नऊ नंबर शांत, बत्तीस नंबर रडका, सत्तेचाळीस नंबर चढावर हसतो (का, ते कळलं नाही). पण खरा घोळ वेळेचा होता. शर्यतीचे शेवटचे पाच किलोमीटर नऊ भाग चालले. गाणी वजा केली तर एक भाग एकोणीस मिनिटांचा. नऊ गुणिले एकोणीस, एकशे एकाहत्तर मिनिटं. म्हणजे वेग झाला ताशी पावणेदोन किलोमीटर! एवढ्या वेगात सायकल चालत नाही, आडवी होते.

"अहो, तिथं पोरगा रडून राहिला न तुमी भागाकार करून राहिले!" मंदा म्हणाली.

"अवो मंदा, पण ही पोरं चढावर एवढं बोलतात कशी? आईच्या आठवणी काय, मित्राची माफी काय! मी रोज ओव्हरब्रिज चढतो. कोणी वर 'रामराम' केला तर मी उत्तर उतारावर देतो."

"बाबा, लॉजिक मत लगाओ. फील करो."

मी फील करू लागलो. तेवढ्यात माझी बी शिफ्ट लागली, दुपारी दोन ते रात्री दहा. आठवडाभराचे भाग बुडणार! थांबायला दोघी तयार नव्हत्या. मग मी मिलमध्ये जे करतो तेच घरी केलं. आमच्याकडे एक पाळी सुटताना पुढच्या पाळीला रजिस्टर देते. पाळी, वेळ, घटना, शेरा. तसंच लाल पाठीचं लांब रजिस्टर मी बाजारातून आणलं (मिलचं उचललं नाही, हे नोंदवून ठेवतो), रकाने आखले आणि मंदाला सांगितलं, "मी नसताना काय झालं ते यात लिहीत जा. स्वतःचं मत शेऱ्यात."

मंदाने इतकं चोख लिहिलं की आमच्या पाळीतल्या कोणाला जमणार नाही.

पुढच्या आठवड्यात ए शिफ्ट आली, सकाळी सहा ते दोन. मंगळवारी डब्याच्या सुट्टीत वाचावं म्हणून मी घरचं रजिस्टर पिशवीतून मिलमध्ये नेलं. वाचलं, गहिवरलो, टेबलावर ठेवलं. दोन वाजता बी शिफ्टच्या साहूला रजिस्टर दिलं आणि दुसरं पिशवीत घालून घरी आलो. कोणतं कोणतं, ते तुम्हाला कळलं असेलच. मला कळलं नव्हतं. मी जेवून झोपलो.

इथे एक सांगायला हवं. मिलच्या फाटकाजवळ एक पाटी आहे, 'दुर्घटनेविना दिवस'. त्या मंगळवारी तिच्यावर आकडा होता ३६४. आमचे इनचार्ज बोरकरसाहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि एवढ्या नोकरीत त्यांनी त्या पाटीवर ३६५ कधी पाहिला नव्हता. दरवर्षी कोणाचं तरी बोट आडवं यायचं. बुधवारसाठी त्यांनी हार सांगून ठेवला होता.

साडेचारला साहूचा फोन आला. मी अर्धवट झोपेत.

"हटवार भैया, ये नौ नंबर कौन है?"

"अरे, बहुत अच्छा लड़का है."

"वो खाई में गिर गया लिखा है!"

"हाँ, गिरा. लेकिन जिंदा है."

"आपने देखा?"

"मैं कहाँ था? मेरी वाइफ ने देखा."

साहू हळूच म्हणाला, "भाभीजी मिल में कब आई थीं?"

मी ताडकन उठून बसलो. पलीकडून बोरकरसाहेबांनी फोन ओढून घेतला.

"काय जी हटवार! 'वळणावर तेल सांडलं होतं, आठ जण एकावर एक पडले.' कोणतं वळण? 'पुढे अजून पाच पडले. नऊ नंबर दरीत गेला. कोणी थांबलं नाही.' कोणी थांबलं नाही? 'कॅप्टन म्हणाला, हाड मोडलं तरी काम सोडायचं नाही.' हा कॅप्टन कोण हाये? मी त असं बोललो नाही! न शेऱ्यात लिवलं हाये, 'मले लय रडू आलं'! मी बावीस माणसं लाइनीत उभी करून सगळ्यांचे गुडघे पाहून राहिलो. एकालेबी खरचटलं नाही! चौदा माणसं कुठं ठेवली तुमी?"

"साहेब, ती जपानमध्ये हायेत."

"जपानले कोणी पाठवलं?"

"रजिस्टर घेऊन येतो," म्हणालो आणि बाहेरच्या खोलीत धावलो. टीव्ही चालू होता. मंदा मन लावून लिहीत होती. मिलच्या रजिस्टरमध्ये. छापील पानं, प्रत्येकावर क्रमांक, फाडायला मनाई.

"तुमची झोपमोड नको म्हणून मीच लिहून घेतलं," ती म्हणाली. "आज तिघं पडले."

सतरा!

रजिस्टर पिशवीत कोंबलं आणि सायकल काढली. घरापासून मिल चार किलोमीटर. मला एकवीस मिनिटं लागतात. त्या दिवशी चौदा लागली. कशी, तर मालिकेत पाहिलं होतं तसा सीटवरून उठून, सायकल डावी-उजवी झुलवत. ओव्हरब्रिजवर मी एका ट्रॅक्टरला मागे टाकलं. मला खरोखर वाटलं की मागे कुठेतरी गाणं वाजतंय. फाटकाच्या तोंडाशी शेवटचा जोर लावायला उठलो आणि चेन उतरली.

सगळी पाळी गुडघे उघडे टाकून लाइनीत उभी होती. सगळ्यांच्या देखत मी पडलो.

बोरकरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. पण दुसऱ्याच क्षणी ते ओरडले, "साहू, टेप आण! हा फाटकाच्या बाहेर पडला!"

टेप आली. माझं धड बाहेर होतं, सायकल आत.

"सायकलचा पगार निघत नाही. झालं! बाहेर!" साहेब म्हणाले.

मी गप्प राहायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस गप्प राहिला असता. मी म्हणालो, "साहेब, माझं कोपर अकरा सेंटिमीटर आत होतं."

"हटवार! तुमी माणूस हाये का पट्टी?"

साहेब मटकन बसले. शेवटी सुरक्षा नियमांचं पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की पडलेला माणूस आपल्या पुढच्या पाळीला वेळेवर कामावर आला, तर ती दुर्घटना धरत नाहीत, फक्त प्रथमोपचार धरतात.

माझी पुढची पाळी बुधवारी सकाळी सहाची. बावीस जणांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोलादाचा असतो तरी वितळलो असतो.

आधी मी मिलच्या रजिस्टरात मंदाच्या नोंदीवर एक रेघ मारली, सही केली आणि लिहिलं, 'वरील तिघे आपले नाहीत.' मग डॉक्टरांनी गुडघा, कोपर आणि कपाळ बांधलं. बुधवारी सकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी एका बाजूने साहू, दुसऱ्या बाजूने मंदा, असा मी फाटकातून आत गेलो. टाळ्या वाजल्या. पाटीवर ३६५ चढला. बोरकरसाहेबांच्या गळ्यात हार पडला आणि त्यांनी चष्मा पुसायला फार वेळ लावला.

मग फोटो. साहेब म्हणाले, "हटवार, तुमच्यामुळंच झालं हे. पण सुरक्षेच्या फोटोत एवढं बँडेज बरं दिसत नाही जी."

तो फोटो आजही ऑफिसात आहे. त्यात मी आहे. फोटोसाठी उतरवलेली पाटी कलू नये म्हणून तिच्या मागे बसून मी ती दोन्ही हातांनी धरली आहे. नीट पाहिलंत तर माझी आठ बोटं दिसतात.